उसना निर्णय

दरवर्षीं परीक्षा आटोपल्या कीं दहावीच्या वर्गांतील मुलें आम्हांस एकच प्रश्न विचारतात, "सर, पुढें काय घ्यावें?" "तुला काय वाटतें?" असें आम्ही उलट विचारलें तर बहुधा उत्तर येतें, "बाबा सायन्स म्हणतात," किंवा "सगळे मित्र कॉमर्सला चालले आहेत." आपल्या निर्णयाचें ओझें दुसऱ्याच्या माथीं ठेवण्याची ही संवय शिक्षणापुरतीच असती, तर हा लेख लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु आम्हां ख्रिस्ती कुटुंबांत विश्वासाच्या बाबतींतहि हेंच घडतें. आईबाप उपासनेस जातात म्हणून मूल जातें. वचनें पाठ होतात, शब्बाथशाळेंत बक्षीस मिळतें, आणि तेवढ्यानें आपलें काम झालें असें सर्वांस वाटतें. आमचें मत असें आहे कीं, उसना निर्णय आणि उसना विश्वास हे दोन्ही कसोटीच्या वेळीं टिकत नाहींत.

या बाबतींत लक्ष्मीबाई टिळक यांचें उदाहरण ध्यानांत धरण्याजोगें आहे. त्यांचे पती कवि नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागें जाणें हाच स्त्रीचा धर्म मानण्याचा तो काळ. तरी लक्ष्मीबाई या वाटेनें त्यांच्या मागें गेल्या नाहींत. त्यांनीं वियोग सोसला, आणि पुन्हां एकत्र राहूं लागल्यावरहि आपलें सोंवळें सोडलें नाहीं. पुढें, जातिभेद हा देवाचा नसून माणसांनीं निर्माण केलेला आहे, असें विचारान्तीं त्यांच्या मनानें घेतलें. तेव्हां त्यांनीं निश्चय केला तो कोणाच्याहि हातचें पाणी पिण्याचा. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० सालीं. हें सारें त्यांनीं 'स्मृतिचित्रें' या आपल्या ग्रंथांत मोकळेपणानें सांगितलें आहे. पेलाभर पाणी ही गोष्ट केवढीशी! परंतु ज्या दिवशीं तो पेला त्यांनीं ओठांस लावला, त्या दिवशीं त्यांचा विश्वास त्यांचा स्वतःचा झाला.

"मुलांस मोकळीक दिली तर तीं बहकतील," अशी पालकांची भीति असते. ती अगदींच निराधार नाहीं. पण विचार म्हणजे लहर नव्हे. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असें प्रभूनें शिकविलें आहे. हा हिशेब करण्यास मुलास शिकविणें हें आपलें काम. त्याच्या वतीनें तो मांडून टाकणें हें नव्हे.

येथें आमचीच एक चूक सांगणें प्राप्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें सहामाहीची उत्तरपत्रिका आमच्याकडे परत आणली. आमच्या बेरजेंतील चुकीमुळें त्यास चार गुण अधिक मिळाले होते. ते कमी होतांच त्याचा पहिला नंबर गेला. घरीं त्यास बावळट म्हणण्यांत आलें, असें त्यानें मागाहून सांगितलें. आणि आम्हीं काय केलें? वर्गासमोर त्याचें कौतुक करावयास हवें होतें. पण तसें केल्यास आमची चूक उघडी पडणार होती, म्हणून आम्ही गप्प राहिलों. ती उत्तरपत्रिका परत आणतांना त्या मुलानें खर्चाचा हिशेब केला होता. आम्हींहि केला, पण भलत्याच गोष्टीचा.

विद्यार्थीमित्रांनो, मोठ्या प्रसंगाची वाट पाहूं नका. कोणाची वही उतरून घ्यावयाची, कोणाच्या शेजारीं बसून डबा खावयाचा, आपल्या चुकीचा दोष कोणावर ढकलावयाचा, हे प्रश्न रोजच पुढें येतात. उत्तर देण्यापूर्वीं क्षणभर थांबा, देवास स्मरा, आणि मग जें कराल तें आपल्या नांवावर करा. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मूल प्रामाणिकपणानें कांहीं गमावून घरीं आलें, तर त्यास बावळट म्हणूं नका. तेवढ्या एका शब्दानें वर्षभराची प्रार्थना वायां जाते.