पडदा हवा, मराठीतून हवा



दुकानातले टचस्क्रीन म्हणजे गिऱ्हाइकाला भुलवायचा खेळ, हे गेल्या रविवारच्या पत्रातले मत मला मुळीच पटले नाही. माझ्या आईला मधुमेह आहे, मोतीबिंदूही आहे. बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरे तिला भिंगातूनही लागत नाहीत. आमच्याकडच्या एका मोठ्या दुकानात पुडा यंत्रापुढे धरला की घटक, साखर, किंमत बोटभर उंच अक्षरांत दिसते. आईने पुडा तीनदा उलटसुलट धरला. चौथ्यांदा यंत्र वाजले. साखरेचा आकडा पाहून तिने पुडा स्वतःच फळीवर परत ठेवला. बाकी मजकूर मात्र इंग्रजीत, तो मलाच वाचून दाखवावा लागला. तक्रार करायची तर याची करा.

औषधांच्या बाबतीतही वाचण्याची अडचण आहेच. १ ऑगस्ट २०२३ पासून आपल्याकडे ३०० औषध-ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा आहे. औषधाचे नाव, बॅच क्रमांक, मुदत त्यातून कळते. पण आईकडे साधा फोन आहे, त्यावर हा कोड वाचता येत नाही. औषध दुकानदारांनी काउंटरवर एक वाचनयंत्र ठेवावे, आणि सगळ्याच दुकानांतल्या पडद्यांवर मराठीचे बटण पहिले असावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, डोंबिवली