तबकडी कापणाऱ्याचे कान

रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ 1931 साली रंगभूमीवर आले, त्यातली पदे मास्टर दीनानाथ गात. नाटकात रंगत जाणारे पद मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीवर मात्र तीन-साडेतीन मिनिटांत बसवावे लागे. पुढे लाँगप्ले तबकडीने एका बाजूला वीसेक मिनिटे दिली, तरी अडचण उरलीच: खर्ज जोरकस ठेवला की खाच रुंदावते आणि वेळ घटतो; तबकडीच्या मध्याकडे सुईखालचा वेग मंदावतो, ‘स’ आणि ‘श’ फाटतात. किती सोडायचे, किती राखायचे, हे मूळ तबकडीवर खाच कापणारा कानाने ठरवतो, म्हणून तोही त्या गाण्याचा भागीदार.

डिजिटल नक्कल अधिक स्वच्छ, मग तबकडी कशाला, हा आक्षेप खराच. पण खरखर बेसुमार पुसली तर तानेची धारही जाते. आधी न पुसलेली नक्कल जपावी. आणि घरातल्या तबकड्या कोकणच्या दमट हवेपासून सांभाळा, उभ्या ठेवा. 78ची तबकडी लाँगप्लेच्या बारीक सुईवर वाजवू नका.