मिच्छा, मि, दुक्कडं



संवत्सरी आली की आपल्या पार्ल्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर 'मिच्छामी दुक्कडम' सुरू होतं. भावना चांगलीच असते. पण हे शब्द योग्य जागी तोडूनच म्हणावेत आणि पाठशाळेत मुलांना पाठांतराआधी ती फोड शिकवावी, असं मला ठामपणे वाटतं.

'इच्छामि' आपल्या तोंडात बसलेलं. म्हणून 'मिच्छामि' हेही क्रियापद वाटतं आणि 'मी क्षमा मागते' असा अर्थ लावला जातो. प्रत्यक्षात हे तीन शब्द आहेत. मिच्छा म्हणजे मिथ्या, मि म्हणजे माझं, दुक्कडं म्हणजे दुष्कृत. माझं दुष्कृत मिथ्या होवो! दिगंबर प्रतिक्रमणात 'मिच्छा मे दुक्कडं' म्हणतात, तिथे हे 'माझं' स्पष्ट ऐकू येतं.

'दुक्कडं'मध्येही सांधा आहे. 'दुष्कृत'मधल्या ष्कचा प्राकृतात क्क झाला, म्हणून उच्चार दुक्-कडं. घाईत 'दुकडम' म्हटलं की सांधाच नाहीसा होतो.

यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. हिऱ्यांच्या व्यवसायामुळे आपल्या समाजाची कितीतरी कुटुंबं अँटवर्पला आहेत. तिथली भाषा डच, आणि डचमध्ये जोडशब्द सलग लिहितात. एकच शब्द 'क्वार्ट-स्लाखन' असा तोडला तर पाव फेरे, 'क्वार्ट्स-लाखन' असा तोडला तर गारगोटीचे थर! परक्या भाषेची फोड मुलं नीट शिकतात, मग सूत्रांची का नको?

आपल्या आचार्यांनी तर अक्षर न् अक्षर उलगडलं आहे. आवश्यक निर्युक्तीत मि म्हणजे मृदुता, च्छा म्हणजे दोषांना थांबवणं, दुसरा मि म्हणजे मर्यादेत राहणं, दु म्हणजे स्वतःची निंदा, क्क म्हणजे पाप केल्याची कबुली आणि डं म्हणजे उपशमाने ते ओलांडणं.

फोड चुकली की नेमकं 'माझं' हरवतं. मग उरतो फक्त सणाचा मेसेज. वर्षभर अबोला धरलेल्या जावेला हे शब्द म्हणताना तिने माफ करावं अशी अट त्यात नसते. चूक माझी, एवढंच असतं. म्हणायला तेच सगळ्यात जड जातं.

यंदा मेसेज पुढे पाठवण्याआधी मुलांना जवळ बसवा आणि तिन्ही शब्द सुटे म्हणून घ्या. मधल्या 'मि'वर थोडं थांबा.