माशाचा भाव कोणाच्या हाती?

कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत उसाला अतोनात पाणी पाजल्यामुळे जी हजारो एकर जमीन क्षारपड होऊन पडली आहे, तिच्यात तळी खोदून कोळंबी वाढवावी, असा सल्ला शेतकऱ्याला दिला जातो; आणि जिथे ऊसही धड उगवत नाही तिथे काही तरी पिकेल, ही आशा मलाही हवीशी वाटते. परंतु या तळ्यांत वाढवायच्या ज्या व्हेनामी जातीच्या कोळंबीला २००९ साली आपल्याकडे परवानगी मिळाली, तिचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका आहे. तेथील सरकारने २०२५च्या ऑगस्टात भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेताच आंध्रातील तळ्यांच्या काठावर भाव कोसळले. कोळंबीच्या खाद्यात घालावयाच्या मासळीच्या भुकटीचीही तीच गत: २०२३ साली समुद्र तापल्यामुळे पेरू देशाने आपल्या मासेमारीचा पहिला हंगामच रद्द केला आणि जगभर ती भुकटी महागली. ज्याच्या सातबाऱ्यावर आधीच बोजा आहे, त्याने इतक्या दूरच्या फर्मानांवर आपला संसार टांगून ठेवावा, हे मला पटत नाही.

त्यापेक्षा जत, आटपाडी, माण, खटाव येथील शेततळ्यांतल्या रोहू-कटल्याकडे पाहावे. पेंड आणि कोंडा गावाजवळ मिळतो, खाणाराही जवळचाच. अडचण निराळी आहे. उन्हाळ्यात तळ्याचे पाणी डाळिंबाला सोडावे लागते, म्हणून सगळ्यांचे मासे एकाच सुमारास निघतात. आणि बर्फावाचून मासा संध्याकाळची वाट पाहत नाही, हे काठावर उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला पक्के ठाऊक असल्यामुळे तो सांगेल तो भाव मुकाट्याने घ्यावा लागतो. तोडलेला ऊसही दिवसागणिक घटतो. तरीही ऊसकरी इतका अगतिक नाही, कारण त्याच्यामागे रास्त व किफायतशीर दराचा कायदा आहे आणि वसंतदादा पाटलांसारख्यांनी याच मातीत उभी केलेली सहकारी कारखानदारी आहे. मासा पिकवणाऱ्याला यांपैकी काहीच लाभलेले नाही.

राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, ही गोष्ट स्वागतार्हच. पण त्यातून मिळणाऱ्या स्वस्त कर्जाने मासा ताजा राहत नाही. कोळंबीच्या तळ्यांना अनुदान वाटण्यापूर्वी तालुक्याच्या ठिकाणी सहकारी बर्फगृह आणि खाद्याची गिरणी काढावी, आणि पहिले बर्फगृह आटपाडीला, पुढच्या उन्हाळ्यात तळी उपसण्याच्या आत, उभे करावे.