चित्रपट-विचार : भिंतीपलीकडचें भय

दिवाळीच्या सुटींत जुन्नर तालुक्यांत आमच्या मावसबहिणीच्या सासरीं चार दिवस राहण्याचा योग आला. घर जुनें, माणसांनीं भरलेलें. परसाची भिंत संपली कीं ऊंस सुरू. दिवेलागणीनंतर मुलांस अंगणांत उतरूं द्यावयाचें नाहीं, हा त्या घराचा नियम. तिसऱ्या रात्रीं जेवणें उरकल्यावर थोरल्या नातवानें 'लपाछपी' हा मराठी भयपट लावण्याची तयारी केली, तों आजींनीं हातांतील माळ बाजूस ठेविली. "सणासुदीचे दिवस, घरांत पोटुशी नातसून, आणि तुम्ही भुतें कसलीं लावतां?" त्यावर आठ वर्षांचा धाकटा म्हणाला, "मग आजी, भिंतीपलीकडे बिबट्या आहे, तो कसा चालतो?" सारें घर हंसलें, आजीही हंसल्या; परंतु वाद कांहीं मिटला नाहीं. अखेर निवाडा आमच्याकडे आला. चित्रपटांवर लिहितों, तेव्हां आम्हांस त्यांतलें कळतें अशी घरच्यांची प्रामाणिक समजूत! आम्हीं निवाडा दिला तो असा : धाकट्यानें निजावें, थोरल्यांनीं पाहावें, आणि नातसूनबाईंवर पाहण्याची वा न पाहण्याची सक्ति कोणीं करूं नये. हा निवाडा आम्हीं कां दिला, हें वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

भयपट म्हणजे हलका, उनाड मुलांनीं चोरून पाहण्याचा प्रकार, असें सुशिक्षित घरांत अजून मानितात. आम्हीही पुष्कळ वर्षें तसेंच मानीत होतों. परंतु ज्या तालुक्यांत बसून हा वाद चालला होता, त्याच तालुक्यांतील नारायणगांवाकडे पाहावें. तमाशाच्या फडांचें हें माहेरघर. यात्रांचा हंगाम जवळ आला कीं फडांच्या राहुट्या तेथें लागतात आणि गांवोगांवचे पंच सुपाऱ्या ठरविण्यास येतात. आमच्यासारख्यांच्या आजोबांनीं त्या राहुट्यांकडे पाहण्याचेंही टाळलें. आणि आज विठाबाई नारायणगांवकरांच्या नांवानें राज्यशासन पुरस्कार देतें, तेव्हां आम्ही टाळ्या वाजवितों. एक कला आपण एकदां उशिरा ओळखिली. दुसऱ्या खेपेस तरी थोडें आधीं डोळे उघडावे, यांत कमीपणा कसला?

ह्या दृष्टीनें ज्यांनीं अद्याप 'तुंबाड' पाहिला नसेल त्यांनीं तो अवश्य पाहावा. राही अनिल बर्वे ह्यांचा हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजीं प्रदर्शित झाला. त्याचें नांव श्री. ना. पेंडसे ह्यांच्या 'तुंबाडचे खोत' ह्या कादंबरीची आठवण देतें, आणि त्याचें बीज आपल्या नारायण धारपांच्या भयकथेंत आहे. म्हणजे भाषा हिंदी असली तरी मूळ पिंड मराठीच. १९१८ ते १९४७ असा त्याचा काळ. कोंकणांतील अखंड पाऊस, ओसाड वाडा, साखळीनें बांधलेली म्हातारी आणि देवीच्या गर्भांत दडलेला, सोन्याचा लोभी हस्तर! पण खरें भय हस्तराचें नव्हे. एक बाप आपल्या मुलास संपत्तीबरोबर हांवही वारसा म्हणून देतो, आणि मुलगा ती बापाहूनही चलाखीनें वापरूं लागतो, तेथें अंगावर कांटा येतो. वाटणीचे तंटे ज्या घरांनीं पाहिले आहेत, त्यांस ह्याहून अधिक कांहीं सांगावयास नको. प्रथम प्रदर्शनाच्या वेळीं ह्या चित्रपटास बेताचेच प्रेक्षक लाभले. पुढें तोंडोतोंडीं कीर्ति वाढत गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्यें तो पुन्हा लागला, तेव्हां पहिल्या खेपेहून अधिक उत्पन्न झालें. ज्या चित्रपटाभोंवतीं असा भक्तांचा संप्रदाय जमतो, तो जाहिरातीनें जमत नसतो. एकानें दुसऱ्यास हात धरून नेल्यानें जमतो. महेश कोठारे ह्यांच्या 'झपाटलेला'ची (१९९३) गोष्ट तीच. तात्या विंचूची बाहुली ठाऊक नाहीं असें मराठी मूल शोधून काढावें लागेल, आणि ज्यांनीं तेव्हां भिऊन डोळे झांकले तेच आतां आपल्या मुलांस ती हौसेनें दाखवितात.

आतां त्या रात्रीच्या 'लपाछपी'विषयीं. विशाल फुरिया ह्यांचा हा चित्रपट २०१७ सालचा. पुढें २०२१ मध्यें त्यांनींच तो 'छोरी' ह्या नांवानें हिंदींत केला. सावकारांच्या भयानें शहर सोडलेलें एक जोडपें दूर उसाच्या रानांतील एका घराचा आश्रय घेतें. पत्नी गरोदर, घरची बाई मायाळू, जरा अधिकच मायाळू. सभोंवार पुरुषभर उंचीचा ऊंस, त्यांत वाट हरवते आणि लहान मुलांचे आवाज ऐकूं येतात. पूजा सावंत व उषा नाईक ह्या दोघींनींच चित्रपट तोलून धरला आहे. विशेषतः उषा नाईकांचें गोड बोलणें किंकाळीहूनही भीषण वाटतें. शेवट सांगून आम्ही रसभंग करणार नाहीं. एवढेंच सांगतों कीं त्यांतील भुतें आकाशांतून पडलेलीं नाहींत. मुलगी नको म्हणणाऱ्या माणसांनींच तीं निर्माण केलीं आहेत. कांहीं ठिकाणीं दचकविण्याची युक्ति वारंवार योजिली आहे, आणि गाभ्याची गोष्ट कळल्यावरही थोडें अधिक समजावून सांगितलें आहे, हे दोष आम्हांस दिसले. परंतु ते मोठे नव्हेत.

चित्रपटांतील ऊंस पाहून घरांतील कोणी परक्या मुलखांतील म्हणून दचकलें नाहीं. तो तर खिडकीबाहेर उभा होता. जुन्नर व आंबेगांव ह्या तालुक्यांचें रूप पाण्यानें पालटलें. माणिकडोह, येडगांव, वडज, पिंपळगांव जोगे आणि आंबेगांवांतील डिंभे हीं कुकडी प्रकल्पाचीं धरणें. त्यांच्या कालव्यांनीं बाजरीच्या रानांत बारमाही ऊंस आणिला. ऊंस शेतांत वर्षभर, कधीं त्याहूनही अधिक, उभा राहतो. दाट, थंड, माणसाचा वावर नसलेला, जवळ पाणी आणि वस्तीवर कुत्रीं, शेळ्या, वासरें. बिबट्यास ह्याहून चांगलें रान कोणतें? कित्येक माद्या उसांतच वितात; तोडणीच्या हंगामांत फडांतून पिलें निघतात, आणि वनखात्याचीं माणसें तीं पेटींत घालून सांजवेळीं त्याच जागीं ठेवितात, कीं आईनें येऊन न्यावीं. जायबंदी वा पकडलेल्या बिबट्यांसाठीं माणिकडोह येथें निवारा केंद्र आहे. पण ह्या सहवासाची किंमत माणसांनींही दिली आहे. ह्या भागांत लहान मुलें बळी पडलीं आहेत; आणि ज्यांचें घर चार भिंतींचें नाहीं, अशा ऊंसतोडीच्या कोप्यांतील व मेंढपाळांच्या वाड्यांतील लेंकरांस धोका सर्वांत अधिक. आपल्या परसास भिंत आहे, हें विसरून ह्या विषयावर मत देऊं नये.

ह्याच प्रश्नावर सुजय डहाके ह्यांनीं २०१४ सालीं 'आजोबा' हा चित्रपट केला. २००९ मध्यें नगर जिल्ह्यांत टाकळी ढोकेश्वराजवळ विहिरींत पडलेला एक वयस्क बिबट्या बाहेर काढून, गळ्यांत यंत्रपट्टा बांधून, माळशेज घाटांत सोडण्यांत आला. तो शंभराहून अधिक किलोमीटर चालत मुंबईच्या बाजूच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला, आणि वाटेंत माणसांच्या वस्त्या ओलांडूनही त्यानें कोणास इजा केली नाहीं. संशोधिका विद्या अत्रेय ह्यांच्या कामावर चित्रपट बेतला आहे. ती भूमिका उर्मिला मातोंडकर ह्यांनीं केली. जुन्नर परिसरांतील अभ्यासावरून अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें कीं, इकडचे बिबटे धरून तिकडे सोडण्याचा क्रम सुरू झाल्यावर सोडल्या ठिकाणांच्या आसपास माणसांवरील हल्ले कमी न होतां उलट वाढले. म्हणजे भयापोटीं घाईनें योजिलेला उपाय भयाचेंच कारण झाला. चित्रपट मध्यें मध्यें रेंगाळतो, बोधाची पट्टीही कोठें कोठें वर येते. परंतु विषय निवडण्याचें धैर्य मोठें, आणि तें आम्हांस फार आवडलें.

आणि शेवटीं 'टिंग्या'! ह्या मातींतला, ह्या मातीच्याच मुलानें केलेला चित्रपट. जुन्नर तालुक्यांतील राजुरीचे मंगेश हाडवळे ह्यांनीं २००८ मध्यें आपला हा पहिला चित्रपट रसिकांपुढें ठेविला. त्यांत नामांकित नट नाहीं, नाचगाण्याचा थाट नाहीं. बिबट्यासाठीं खणलेल्या खड्ड्यांत पडून चितंग्या नांवाचा बैल जायबंदी होतो. नांगरणी तोंडावर, अंगावर कर्ज. बाप बैल खाटकास विकण्याचें ठरवितो. शेजारच्या रशिदाच्या आजारी नानीवर औषधोपचार चालतात. मग माझ्या चितंग्यावर कां नाहीं, हा लहानग्या टिंग्याचा प्रश्न. त्यास उत्तर कोणापाशींच नसतें. बाप दुष्ट नाहीं, सावकार राक्षस नाहीं, बिबट्याही खलपुरुष नाहीं. गरिबीच साऱ्यांस एका खड्ड्यांत ढकलते. टिंग्या झालेल्या शरद गोयेकर ह्या मुलास सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. आमच्या मतें मराठींत मुलांसाठीं आणि मोठ्यांसाठीं एकाच वेळीं खरे असलेले जे थोडे चित्रपट आहेत, त्यांत ह्याचें स्थान अगदीं वर आहे. धाकट्यास आम्हीं दुसऱ्या दिवशीं दुपारीं हाच दाखविला. तो रडला, आणि मग गोठ्यांत जाऊन बराच वेळ बसला.

त्या रात्रीं 'लपाछपी' संपला तेव्हां साडेअकरा वाजले होते. आजी "मी कांहीं पाहणार नाहीं" म्हणून देवघराच्या उंबरठ्याशीं बसल्या होत्या. माळ हातांत होती, पण मणी पुढें सरकत नव्हते. नातसूनबाई शेवटपर्यंत बसल्या. त्या घरांत आम्ही आल्यापासून 'नातवाचा मुलगा', 'पणतू', 'सोन्याचीं फुलें' हे शब्द दिवसांतून दहादां ऐकूं येत होते. बोलणाऱ्यांच्या मनांत प्रेमच होतें, ह्यांत शंका नाहीं. दिवा लागल्यावर कोणीच कांहीं बोललें नाहीं. आजी उठल्या, सुनेच्या अंगावर शाल घातली आणि "उद्यां लवकर उठूं नकोस" एवढेंच म्हणाल्या. पुढचे दोन दिवस आम्हीं मुद्दाम कान देऊन ऐकलें. 'पणतू' हा शब्द आला नाहीं. त्या 'बाळ' म्हणत होत्या. चित्रपटामुळें आजी बदलल्या असा दावा आम्ही करीत नाहीं. आम्हीं ऐकलें तेवढें लिहिलें.

गृहिणींस व वडील मंडळींस आमचें सांगणें इतकेंच. भयपट मुलांच्या हातीं एकटे सोंपवूं नयेत. वय पाहून, दिवा लावून, घरांतील मोठ्यांबरोबर पाहावे, आणि नंतर त्यावर बोलावें. जेवत नाहीं म्हणून बागुलबुवाचें भय दाखविणें हें मात्र कोणत्याही चित्रपटाहून वाईट. कारण ज्या मुलखांत खरा बिबट्या हिंडतो, तेथें मुलानें भयास खोटें समजणें परवडत नाहीं. अंधारांत एकट्यानें जाऊं नये, हातांत विजेरी असावी, मोठ्यानें बोलत चालावें, उघड्यावर वांकून बसूं नये, हें शहाणें भय त्यास शिकवावें. आणि आपल्या उसांत तोडणीस आलेल्या मंडळींच्या कोपीजवळ रात्रभर एक दिवा जळेल एवढी सोय शेताच्या मालकानें आपण होऊन करावी. आमच्या मावसबहिणीच्या यजमानांनीं ती आम्ही निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं केली. तार ओढण्यास धाकटा त्यांच्याबरोबर गेला होता, विजेरी घेऊन, मोठमोठ्यानें बोलत.