इतकं का शहाणं आमचं बाळ?

खोडकर मुलामागे आपण दिवसभर धावतो. पण पानात पडेल ते मुकाट्यानं खाणारं, कपडे न मळवणारं, आल्यागेल्याशी गोड बोलणारं मूल असलं, की आपण निर्धास्त! ‘आमची छकुली म्हणजे भारीच गुणी हो,’ असं चारचौघींत कौतुकानं सांगतो. आईच्या नेमक्या या निर्धास्तपणावर बेतलेला एक जुना इंग्रजी चित्रपट आहे, ‘द बॅड सीड’. विल्यम मार्चची कादंबरी १९५४ साली आली, त्याच वर्षी तिचं नाटक झालं, आणि नाटकातल्याच प्रमुख कलावंतांना घेऊन १९५६ साली चित्रपट निघाला.

त्यातली ऱ्होडा आठ वर्षांची. दोन घट्ट वेण्या, इस्त्रीचा फ्रॉक, बोलणं साखरेसारखं. घरमालकीण तर तिला भेटी देऊन थकत नाही. शाळेत सुंदर हस्ताक्षराचं पदक एका मुलाला मिळतं, ते हिच्या मनात सलत राहतं. सहलीच्या दिवशी तो मुलगा तळ्यात बुडून मरतो आणि पदक नाहीसं होतं. शाळेच्या बाई घरी येऊन आडून आडून काही सुचवतात. ऱ्होडा मात्र घरी येऊन खाऊ मागते, खेळायला जाते. डोळ्यांत टिपूस नाही!

पुढे ते पदक आईलाच लेकीच्या सामानात सापडतं. टाचेला लोखंडी पट्ट्या मारलेल्या बुटांनी आपण त्या मुलाला मारलं, हे ऱ्होडा कबूल करते. आता आई काय करते? ते बूट लगेच जाळून टाकायला सांगते! मला विचाराल, तर चित्रपटातली सर्वांत भयंकर घटका हीच. कारण त्यानंतर ऱ्होडा आणखी एक जीव घेते. ज्या गड्याला तिचा संशय आलेला असतो, तो आगीत जळून मरतो.

आपल्या घरी इतकं भयंकर काही घडत नाही, हे खरंच. पण दुसऱ्याची पेन्सिल दप्तरात सापडली की ‘चुकून आली असेल’ म्हणायचं, शेजारच्या पोराला ढकललं तर ‘त्यानंच आधी काढली असेल खोडी’ म्हणायचं, शाळेतून तक्रार आली की आधी बाईंवरच रागवायचं, हे आपण करतोच ना? बूट जाळण्याचाच हा लहानसा प्रकार.

चित्रपटाची एक गोष्ट मात्र मुळीच पटून घेऊ नका. ऱ्होडाच्या आईची जन्मदाती खुनी होती, तेच रक्त नातीत उतरलं, असं त्यात दाखवलं आहे. माणूस असा बीजातच ठरून येत नाही. जन्मजात स्वभाव असतो, तसंच घर, शेजार, वळण यांचंही देणं असतं. आपल्याकडेही मूल बिघडलं की ‘आजोळचा गुण’ म्हणून सारं खापर आईवर फुटतं. ते ऐकून घेऊ नका आणि दुसरीला ऐकवूही नका.

शेवटाचीही गंमत आहे. नाटकात आई मरते आणि लेक जगते. पण गुन्हेगार मोकळा सुटता कामा नये, असा त्या काळच्या अमेरिकन चित्रपटांचा नियम. म्हणून पडद्यावर आई वाचते आणि ऱ्होडावर वीज कोसळते. आपल्या घरात कुठली वीज येऊन निवाडा करणार? तिथे आपल्यालाच वेळेवर बोलावं लागतं.

तेव्हा लबाडी दिसली तर मारू नका, झाकूही नका. शेजारी बसवून विचारा, घेतलेली वस्तू त्याच्याच हातानं परत करायला लावा. मूल वारंवार मुक्या जनावरांना, लहानग्यांना दुखवत असेल आणि त्याचं त्याला काहीच वाटत नसेल, तर लाज न धरता बालमानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. आणि फारच शहाणं वागणाऱ्या मुलाकडे तर अधूनमधून मुद्दाम पाहा. बहुतेकदा त्याच्या मनात ऱ्होडासारखं कपट नसतंच. आई रागावेल, बाबा ओरडतील, ही भीतीच तिथे दडलेली असते. तीही आपल्याला दिसायला हवी ना?