गाठ घालून देणाऱ्याची जबाबदारी कुणाची?

चारोटी नाक्यावरून तलासरीच्या दिशेने निघा, नाहीतर डहाणू रोड स्टेशनातून बाहेर पडा. जागेच्या पाट्या दिसल्याशिवाय राहत नाहीत. 'बंदराजवळ प्लॉट', 'हायवे टच', 'बयाणा भरा, बाकी हप्त्याने'. पूर्वी चहाच्या टपरीवर भाताच्या भावाची आणि चिकूच्या गाडीची चर्चा व्हायची. आता तिथेच कोपऱ्यात दोघे-तिघे बसलेले असतात, समोर सातबाराची झेरॉक्स पसरलेली असते आणि मध्ये बसलेला माणूस सांगत असतो, "भाऊ, जागा क्लिअर आहे. मी आहे ना!"

हे 'मी आहे ना' म्हणणारे आपलेच लोक आहेत. कुणाचा भाचा, कुणाचा शाळासोबती. लोकल एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत आली. पुढे बुलेट ट्रेनसाठी आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गासाठी दोन्ही तालुक्यांत जमिनी गेल्या, मोबदल्याचे पैसे आले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली आणि बाहेरचा पैसाही जागा शोधू लागला. या सगळ्यात गावोगाव दलाल उभे राहिले. त्यात गैर काही नाही. शेतीत भागत नाही म्हणून पोरगा चार पैसे दलालीचे मिळवत असेल तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे, की आयुष्यात पहिल्यांदा घर घेणारा माणूस ज्याच्या शब्दावर पैसे मोजतो, त्या माणसावर काही जबाबदारी आहे की नाही?

दोन घरे बुडाली

माझ्या परिचयाचे एक निवृत्त मास्तर आहेत. नोकरीभर भाड्याच्या खोलीत राहिले. निवृत्तीनंतर हातात आलेल्या पैशातून महामार्गापासून थोडी आत घरासाठी जागा घेतली. व्यवहार झाला स्टॅम्पपेपरवर, नोटरीचा शिक्का मारून. दलाल म्हणाला, "मास्तर, इकडे सगळे असेच होते. रजिस्टर मागाहून करू." मास्तरांनी कुंपण घातले, दोन आंब्याची रोपे लावली आणि नाव चढवायला तलाठ्याकडे गेले. तेव्हा कळले, की जमीन आदिवासी खातेदाराची आहे आणि सातबाराच्या इतर हक्कात तसा शेराही आहे. नाव चढणे शक्य नव्हते.

मास्तर दलालाकडे गेले. तो म्हणाला, "मी काय करू? मी फक्त गाठ घालून दिली."

मास्तरांचे पैसे गेले ते गेलेच. पण ज्याची जमीन होती त्या कुटुंबाच्या हाती तरी काय पडले? मास्तरांनी मोजलेल्या रकमेचा लहानसा भाग. उरलेले मधल्या मध्ये जिरले. एका व्यवहारात दोन घरे बुडाली आणि गाठ घालून देणारा तेवढा कोरडा राहिला.

आपल्या तालुक्यांची गोष्ट वेगळी आहे

पुण्या-मुंबईत घर घेणाऱ्याला जे पाहावे लागते, त्याहून जास्त डहाणू-तलासरीत पाहावे लागते. हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते, आणि विक्रीसाठी ती शासनाच्या मान्यतेनेच देता येते. परवानगीशिवाय झालेला व्यवहार टिकत नाही. त्यातून घेणाऱ्याची जागा जाते, वर कोर्टकचेरी मागे लागते. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातली जमीन गैरमार्गाने हातची जाऊ नये यासाठी ग्रामसभेलाही अधिकार दिले आहेत. ज्या तलासरीतल्या झरी गावी १९४५ साली वारली एकत्र आले, वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, तिथे जमिनीचा कागद हलक्यात घेऊन चालणार नाही.

दुसरी गोष्ट कुळाच्या जमिनीची. कूळ कायद्याने मिळालेल्या जमिनींवर कलम ४३ ची अट असते. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' दिसले, की थांबून विचारायचे. शिवाय शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सरळ घेता येत नाही. बिनशेती झालेली नसताना 'प्लॉट' म्हणून विकली जाणारी जागा ही बहुतेक वेळा शेतजमीनच असते. खुंट्या ठोकून आणि चुना टाकून ती बिनशेती होत नाही.

तिसरी गोष्ट डहाणूपुरती. २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. हिरवे पट्टे, फळबागा आणि आदिवासी क्षेत्र यांच्या जमीन-वापरावर त्यात बंधने आहेत. 'वाडीचे प्लॉट' म्हणून घोलवड-बोर्डीच्या बाजूला काही दाखवले जात असेल, तर प्रादेशिक योजनेत ती जागा कोणत्या वापरात आहे हे आधी पाहिले पाहिजे.

आणि चौथी गोष्ट पायाखालची. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांनी भूकंपाचे धक्के सोसले. भिंतींना तडे गेले, लोकांनी थंडीत रात्री अंगणात काढल्या. अशा भागात इमारतीचा आराखडा कोणत्या अभियंत्याने केला, त्याचा दाखला कुठे आहे, हे विचारणे म्हणजे शंकेखोरपणा नव्हे.

आता सांगा, नव्याने घर घेणाऱ्या कामगाराला, अंगणवाडी ताईला, बागेतल्या मुकादमाला हे सगळे कुठून माहीत असणार? दलालाला मात्र माहीत असते. रोजचा धंदा आहे त्याचा. म्हणूनच न बोलणे हा त्याचा दोष ठरतो.

कायदा काय म्हणतो

दलालाची जबाबदारी आता नुसती माणुसकीची राहिलेली नाही. २०१६ चा स्थावर संपदा कायदा, ज्याला लोक 'रेरा' म्हणतात, १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पातले घर विकून देणाऱ्या एजंटाला महारेराकडे स्वतःची नोंदणी करावी लागते. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातले घर त्याने विकायला मदत करायची नाही, खोटी माहिती द्यायची नाही, हिशेबाच्या वह्या ठेवायच्या आणि घेणाऱ्याला ज्या कागदांचा हक्क आहे ते बुकिंगच्या वेळी मिळवून द्यायचे. हे सगळे कायद्याच्या कलम १० मध्ये आहे. नोंदणीशिवाय धंदा केला तर दिवसाला दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली.

घेणाऱ्याच्या बाजूनेही काही गोष्टी पक्क्या आहेत. करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. घर चटई क्षेत्रावर विकायचे, 'सुपर बिल्टअप'वर नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. ताबा वेळेवर दिला नाही तर व्याजासह पैसे परत मागता येतात.

पण इथे एक मोठी फट आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचा किंवा आठपर्यंत सदनिका असलेला प्रकल्प या नोंदणीतून सुटतो. आपल्याकडे गावात, नाक्यावर ज्या दुमजली-तिमजली इमारती उभ्या राहतात, त्यातल्या कितीतरी याच मापाच्या असतात. म्हणजे जिथे घेणारा सर्वांत गरीब आणि अडाणी, तिथेच कायद्याचे कुंपण नाही. तिथे राखण करायला उरतो तो मधला माणूस आणि गावची ग्रामपंचायत.

नुसत्या नंबरावर विसंबू नका

शिवाय नोंदणी क्रमांक दिसला म्हणजे गंगेत घोडे न्हाले असेही नाही. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवल्याचे उघड झाले आणि उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. आपल्याच पालघर जिल्ह्यात नालासोपाऱ्याला ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात पाडल्या गेल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांनी चोरी केली नव्हती. घरपट्टी भरली होती, विजेचे बिल भरले होते, हप्ते फेडले होते. जागा मात्र सार्वजनिक कामासाठी राखीव होती. त्या घरांचे सौदे जमवणारे कुणीतरी होतेच. त्यांनी एकदा नगररचना विभागात जाऊन आराखडा पाहिला असता तर?

वाचकांनी एक गोष्ट मनात पक्की करावी. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, आणि मुखत्यारपत्र म्हणजे खरेदीखत नव्हे. नुसत्या मुखत्यारपत्राने किंवा साठेखताने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केले आहे.

चांगल्या दलालाने काय करावे

दलाली घ्यावी, जरूर घ्यावी. वीस लाखांच्या घरावर दोन टक्के धरले तर चाळीस हजार रुपये होतात. एवढ्या पैशात घेणाऱ्यासाठी पुढील कामे करणे जड नाही.

एक, बयाणा घेण्याआधी ताजा सातबारा आणि जुने फेरफार काढून घेणाऱ्याच्या हातात द्यावेत, आणि 'इतर हक्क' हा रकाना त्याला मोठ्याने वाचून दाखवावा. वाचून दाखवण्याला महत्त्व आहे, कारण कागद हातात देणे आणि कागद समजणे यात फरक आहे.

दोन, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा आणि बांधकाम परवानगी यांची खातरजमा ज्या कार्यालयाने ते दिले तिथे जाऊन करावी. डहाणू नगरपरिषद, तलासरी नगरपंचायत किंवा नगररचना कार्यालय, जिथले असेल तिथे. झेरॉक्सवर विश्वास ठेवू नये. इमारत तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागावे.

तीन, घेणाऱ्याला त्याच्या पसंतीच्या वकिलाकडे पाठवावे. बिल्डरचाच वकील दोघांचे काम बघतो, ही पद्धत वाईट. तीस वर्षांचा शोध अहवाल घेतला तर बहुतेक घोटाळे त्यातच सापडतात. राष्ट्रीयीकृत बँक त्या इमारतीवर कर्ज देत नसेल तर का देत नाही, हे दलालाने स्वतः बँकेत जाऊन विचारावे.

चार, हप्त्याचा हिशेब खरा सांगावा. पंधरा लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षे मुदत धरली तर महिन्याला सुमारे साडेतेरा हजार रुपये भरावे लागतात आणि एकूण भरणा बत्तीस लाखांवर जातो. ज्याचा पगार अठरा हजार आहे त्याला "बसेल शेठ, बसेल" म्हणणे हे पाप आहे. त्याला लहान घर सुचवावे, नाहीतर दोन वर्षे थांबायला सांगावे. घर बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हेही आठवणीने सांगावे.

पाच, मे महिन्यात पाणी कुठून येते, पावसाळ्यात रस्त्यावर किती पाणी साचते, स्टेशनला जायला शेवटची रिक्षा किती वाजता मिळते, हे खरे सांगावे. किनाऱ्याकडे बोअरला गोडे पाणी लागते की खारे, हे गावातल्या दलालाला ठाऊक असते. बाहेरून येणाऱ्याला नसते.

आणि सहा, आपण दोन्हीकडून दलाली घेतो आहोत का, हे तोंडाने सांगावे आणि मिळालेल्या पैशाची पावती द्यावी. जो पावती द्यायला कचरतो, त्याच्याकडून घर घेऊ नये.

कुणी म्हणेल, असे केले तर अर्धे सौदे मोडतील. मोडू द्या. जो सौदा सातबारा वाचून दाखवल्यावर मोडतो तो मोडण्याच्याच लायकीचा होता. आणि दलालाचा धंदा शेवटी नावावर चालतो. एका घराने चांगले म्हटले तर पाड्यातली पाच घरे त्याच्याकडे येतात. एका घराने शिव्या दिल्या तर महालक्ष्मीच्या यात्रेतही त्याला तोंड चुकवत फिरावे लागते.

गावाने काय करावे

सगळे ओझे दलालावर टाकून चालणार नाही. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतल्या कोणत्या इमारतींना परवानगी आहे याची यादी फळ्यावर लावावी. त्याला फार खर्च येत नाही. परवानगी नसलेल्या बांधकामाला घरपट्टी लावताना पावतीवर 'अनधिकृत' असा शिक्का ठळक मारावा, म्हणजे त्या पावतीचा मालकीसारखा वापर होणार नाही. तलाठी आणि ग्रामसेवक यांनी आठवड्यातला एक ठरलेला तास घर-जागा घेणाऱ्यांसाठी ठेवावा. "साहेब मिटिंगला गेलेत" या उत्तराने किती माणसे दलालाच्या तोंडी शब्दावर विसंबतात, याचा विचार व्हावा. ग्रामसभेत वर्षातून एकदा तरी गावातल्या एजंटांना बोलावून त्यांची नावे, नोंदणी असल्यास क्रमांक, लोकांसमोर वाचावेत. आपला माणूस आहे, तो लाजेने तरी सरळ वागेल.

आणि शेतकरी बांधवांनो, विकणारे आपणच असतो. शेरा लपवून, भावाची सही चुकवून जमीन विकली तर उद्या आपल्याच पोराला बोईसरला नाहीतर वापीला कुणीतरी तसेच घर विकेल.

मास्तर अजून भाड्याच्या खोलीतच आहेत. कुंपणाच्या तारा त्यांनी काढून आणल्या, आंब्याची रोपे तिथेच ठेवली. जमीन ज्याची आहे त्याची पोरे त्यांना पाणी घालतात. मास्तरांची तक्रार त्या कुटुंबाबद्दल नाही. ते एवढेच म्हणतात, "त्याने त्या दिवशी फक्त एक ओळ वाचून दाखवली असती तर!"

ती एक ओळ वाचून दाखवणे हेच दलालाचे काम आहे. तालुक्यातल्या एजंट मंडळींनी, तलाठी-ग्रामसेवकांनी आणि ग्रामपंचायतींनी याची वेळीच दखल घ्यावी. बंदर होईल तेव्हा होईल, पाट्या मात्र आजच लागल्या आहेत.